माझी एकटीची बदली

प्रिय पाळकसाहेब,

ही हाक तुम्हाला आवडायची नाही, माहीत आहे. "घरात तरी नावानं हाक मार की" म्हणायचात. पण आज मुद्दामच. आज चर्चचे नवे पाळक आणि त्यांची बायको हे घर बघून गेले, पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेतली, आणि ते गेल्यावर मला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचेना.

या महिनाअखेरीला पाळकनिवास रिकामा करायचा आहे. कुणी घाई केलेली नाही. उलट सगळे माझ्याशी इतकं हळू बोलतात की सांगावंसं वाटतं, अहो, मी आजारी नाही. मला फक्त काही वाटत नाही.

खरंच काही वाटत नाही. नाताळानंतरच्या त्या रविवारी तुम्ही उपासना आटोपलीत, दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवलेत, घरी येऊन "चहा टाक" म्हणालात. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा खुर्चीत तुम्ही बसलेले होतात, पण तुम्ही नव्हतात. त्याच चहात पाणी वाढवून मी जमलेल्या लोकांना दिला म्हणे. मला आठवत नाही. तेव्हापासून मी एकदाही रडलेले नाही. आणि चर्चच्या मंडळीला वाटतं, हा माझा विश्वास! "पाळकीणबाई किती खंबीर. प्रभूनं केवढं बळ दिलंय." मी मान हलवते. बळ कसलं आलंय? दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय, फक्त गालापुरतं नाही.

घराचं मात्र बोलणारच. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत तो दोन खोल्यांचा फ्लॅट मिळत होता, आठवतं? मी किती मागे लागले होते. तुम्ही म्हणालात, "पाळकाला घर मंडळी देते." देते हो. पण पाळकाला देते. पाळक गेल्यावर त्याच्या बायकोनं कुठे जायचं, हे तुमच्या मनात कधीच आलं नाही का?

मंडळीनं आपल्याला घड्याळं मात्र भरपूर दिली. प्रत्येक निरोपसमारंभात एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ. जालन्याचं, संगमनेरचं, लासलगावचं. लोकांनी प्रेमानं दिलंय म्हणून तुम्ही एकही कुणाला देऊ दिलं नाहीत. काल मी ती सगळी पलंगावर मांडली. एकही चालू नाही. तुम्ही असतात तर त्यावर प्रवचन केलं असतंत. मी पुसली आणि परत गुंडाळून ठेवली.

आता खरी अडचण सांगते. मी कुठे जायचं हे सगळ्यांना देवानं सांगून झालंय, एक मी सोडून.

आपल्या रूथला पुण्यात प्रार्थना करताना स्पष्ट दिसलं की आईनं तिच्याकडे यावं. नातवाला पाळणाघरात ठेवायला लागणार नाही, हेही त्याच वेळी दिसलं असावं. मंडळीच्या सचिवांना दर्शन झालं की मी सुरगाण्याकडच्या मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून जावं. तिथली जागा कधीची रिकामी आहे. आणि लासलगावची मार्थाबाई, आपल्याला दर आठवड्याला कांदे आणून द्यायची ती, बसनं एवढ्या लांब आली आणि म्हणाली, "बाई, मला सपान पडलं. तुमी आमच्यात ऱ्हायला आल्या. एक खोली मोकळी हाय, गाय हाय, अजून काय पायजे? लय इचार करू नका."

शेवटी सगळे एकच विचारतात, "तुम्हाला काय दाखवलं देवानं?" मी म्हणते, प्रार्थना चालू आहे. चालू आहेच. रोज सकाळी डोळे मिटून बसते, आणि कुकरची शिट्टी ऐकू येते.

तुमचं बरं होतं. बदलीचा फोन आला की तुम्ही कुणाशी न बोलता बाहेर पडायचात, मैलभर चालून यायचात आणि म्हणायचात, "देवाची इच्छा दिसते. जायचं." एकदा मी विचारलं होतं, "मला का नाही कधी सांगत तो?" तुम्ही हसलात आणि चप्पल काढायला वाकलात. मग मीही कधी विचारलं नाही. एका घरात दोघांना सांगायची त्याला काय गरज, असं मी धरून चालले. तुम्ही फिरून येईपर्यंत मी माळ्यावरची खोकी खाली काढून भांडी बांधायला घ्यायचे. देव तुम्हाला हो म्हणायलाच सांगणार हे मला ठाऊकच असायचं. मग उगाच वेळ कशाला घालवा?

आज काय झालं, ऐका. नवे पाळक म्हणजे आपला सुहास. हो, तोच. सेमिनरीत असताना सुट्टीत आपल्याकडे राहून तुमच्या हाताखाली शिकायचा आणि माझी थालीपीठं संपवायचा. त्याची बायको नीता अगदी लहान दिसते. आवारात कुणीतरी "पाळकीणबाई" म्हणून हाक मारली तर मी वळले. ती वळलीच नाही. तिला अजून सवय नाही, आणि माझी जायची आहे. मी म्हणाले, "अगं, तुला हाक मारतायत." ती एवढी ओशाळली की मला तिची दया आली.

स्वयंपाकघरात मी टेपचं एक टोक धरलं होतं, दुसरं सुहासनं. नीता म्हणाली, "काकू, एक विचारू? मला इथं यायचं नव्हतं. माझी शाळेतली नोकरी गेली. हे म्हणतात देवाची इच्छा. तुम्हाला कसं कळायचं की खरंच त्याचीच इच्छा आहे म्हणून?"

मी म्हणाले, "मला कुठलं कळतंय? देव ह्यांना सांगायचा. मी फक्त खोकी काढायचे."

सुहास हसला. मग एकदम थांबला. "काकू, सर तर मला उलटं सांगायचे."

"काय सांगायचे?"

"मी एकदा विचारलं होतं, सर, देवाचा आवाज कसा ओळखायचा? तर म्हणाले, मला जन्मात ऐकू आलेला नाही. बदलीचा फोन आला की भीती वाटते, म्हणून चालून येतो. परत येऊन बघतो. शालिनीनं खोकी काढली असली तर म्हणतो, चला, देवाची इच्छा दिसते."

मी टेप सोडली नाही. "बरोबर माप घे," एवढंच म्हणाले. त्यांना चहा दिला, फाटकापर्यंत पोचवलं. मग आत येऊन ओट्यापाशी बसून राहिले.

अहो, हे काय केलंत?

देव तुम्हाला सांगतो म्हणून मी भांडी बांधत होते. मी भांडी बांधते म्हणून देवानं सांगितलं असं तुम्ही म्हणत होतात. सगळा संसार झाला असा! जालन्याहून निघताना रूथची दहावी होती. लासलगावला जायचं म्हणून मी शिवणाचा वर्ग बंद केला, चांगल्या वीस-पंचवीस बायका येत होत्या. मला जायचं नव्हतं हो. तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात, "मला काही ऐकू आलेलं नाही, मलाही भीती वाटते," तर मी काय तुम्हाला नाही म्हणाले असते? कदाचित म्हणालेही असते. निदान दोघं मिळून घाबरलो असतो.

मला राग आला. चांगलाच आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, म्हणून मी तो जाऊ दिला नाही.

आणि त्या रागातच एक प्रश्न येऊन बसला. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मला तर नव्हतंच. मग आपल्याला इथवर आणलं कुणी? लासलगावला गेलो नसतो तर मार्थाबाई भेटली नसती, आणि मला टायफॉइड झाला तेव्हा माझं कुणी केलं असतं? तिथेच मी शिवण परत सुरू केलं. संगमनेरला जायची तुमची अजिबात तयारी नव्हती हे मला आज कळतंय, आणि तुम्ही सगळ्यात जास्त हसलात ते तिथेच. आपण दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालत राहिलो आणि वाट मात्र होती. हे मला समजत नाही. तुम्हाला तिकडे समजलं असेल तर मला कळवायची काही सोय नाही.

संध्याकाळी रूथचा फोन आला. मी सांगितलं, मी सुरगाण्याच्या वसतिगृहावर जाते आहे.

"आई, नक्की देवानंच सांगितलं ना?"

"नाही गं. मी ठरवलं."

"असं कसं? बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"काही नाही. माझ्याकडे बघत बसले असते."

ती मग म्हणाली, "पण तिथंच का?" कारण विचाराल तर मोठं काही नाही. मागच्या आठवड्यात जागा बघून आले. स्वयंपाकघर मोठं आहे, मुली पोळ्या जाड्या लाटतात, आणि तिथं कुणी मला तुमची विधवा म्हणून ओळखत नाही. याला दर्शन म्हणता यायचं नाही. चुकलं तर चुकलं. रूथकडे सुट्टीत जाईन, मार्थाबाईकडेही.

भीती वाटते का? नीट सांगता येत नाही. सुई अजून उतरलेली नाही. रडू येईल तेव्हा येईल, त्याचीही मी आता वाट बघत नाही.

येत्या रविवारी माझा निरोप आहे. उपासनेत साक्ष द्यायला सांगितलंय. देवानं मला पुढची वाट कशी दाखवली ते सांगा, म्हणतात. तुम्हाला शब्द देते, तसं मी काहीही सांगणार नाही. मी सांगेन की आम्हा दोघांपैकी कुणालाही कधी काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यानं आम्हाला वाटेत एकदाही टाकलं नाही. मग खाली बसेन.

तुमची,
शालिनी