शिपायाला शिकवलेला शब्द

अहो मास्तर,

काल दुपारी शिपाई गेला. आपलं कुत्रं गेलं हे कळवावं असं तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे मला? म्हणून तुमच्यामागे सात वर्षांनी हातात पेन घेतलं. तुम्ही होतात तेव्हा चार ओळींची चिठ्ठीसुद्धा तुम्हाला कधी लिहिली नाही.

मागच्या अंगणात शेवग्याखाली त्याला पुरलं. खड्डा शेजारच्यांनी खणून दिला. तुमच्या आई ओट्यावर बसून बघत होत्या.

आठवतं का, त्याला माणसांत आणायला तुम्ही किती खटपट केलीत? आणीबाणी उठली त्या वर्षीची थंडी. मेच्या सुट्टीत त्याला स्कूटरवर घालून माझ्या माहेरी, सटाण्याकडे न्यायचं तुमच्या मनानं घेतलं होतं. दर रविवारी बिस्किटांचा पुडा घेऊन तुम्ही त्याच्यासह एसटी स्टँडवर जाऊन बसायचात. हॉर्न वाजला की एक तुकडा, हमाल अंगावरून गेला की एक तुकडा. बुधवारी गोदाकाठचा, आपल्या गंगेवरचा बाजार. लग्नसराईत तर कोणाच्यातरी वरातीत बँडच्या मागे चालत गेलात. एका कंडक्टरनं विचारलं होतं, "गुरुजी, शाळेत नाव घातलं का याचं?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "हजेरी चांगली आहे त्याची." मी लाजून दुसरीकडे बघत होते.

सगळं शिकला, एकच अडलं. "ये" म्हटलं की यायचं हे तुम्ही पक्कं केलंत, आणि घरातून निघताना आपण म्हणतो "येतो". तुम्ही दारात "येतो" म्हणालात की शिपाई उठून मागे. दोनदा तो स्कूटरमागे धावत गंगापूर रोडपर्यंत गेला. एकदा तर ट्रकखाली येता येता वाचला. बोलावलं म्हणून तो येत होता, त्याची काय चूक?

तेव्हा मीच म्हणाले, "मग त्याला 'जातो' शिकवा. जातो म्हटलं की उंबऱ्याच्या आत बसायचं."

तुम्ही आईंकडे पाहिलंत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव गंगेत सोडून आलेली बाई ती. हसून म्हणाल्या, "म्हण की. शब्दानं काय होतंय? ते सारं आपण सोडलं नाय का?"

आठ दिवसांत तो शिकला. मला मात्र रोज सकाळी तो शब्द जिवाला लागायचा. देव सोडले तरी कान थोडेच सुटतात? मग तुम्ही तोड काढलीत. दारात त्याला मोठ्यानं "जातो", आणि फाटकापाशी वळून मला नुसत्या ओठांनी "येतो". आवाज काढायचा नाही, नाहीतर तो उठेल. मी ओट्यावर उभी राहून तुमचे ओठ बघायचे. आपल्या संसारात लाडाचं असं तेवढंच होतं, आणि तेही कुत्र्यापायी मिळालं.

मे महिन्यात गेलो. तुमच्या पायांशी स्कूटरवर तो कसा ऐटीत बसला होता. देवळ्याला चहाला थांबलो तर बाकाखाली गप पडून राहिला, कोणावर भुंकला नाही. माझ्या वडिलांनी त्याला वेगळी ताटली मांडली आणि हसत विचारलं, "हाई कुत्रं शे का पाव्हना शे?" त्या आठ दिवसांत मी तुम्हाला जेवढं हसताना पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग दिवाळीची सुट्टी जवळ आली आणि मी म्हटलं, या वेळी आपण दोघंच जाऊ, त्याला आईंजवळ ठेवू. तुम्ही म्हणालात, "घरी ठेवायला का एवढं शिकवलं?" मला राग आला. तुमचा संसार त्याच्याशीच आहे, असं काहीतरी मी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलेच नाही. भाकरी थापत बसले. दारातून "जातो" ऐकू आलं. मग फाटक वाजलं. दोन पावलांवर तर ओटा होता, मास्तर. मी मुद्दाम उठले नाही.

शाळेची घंटा व्हायच्या आत माणसं सांगत आली, नाक्यावर मास्तरांना ट्रकनं उडवलं म्हणून.

तुमचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि आई म्हणाल्या, "जातो म्हणला अन् गेला. तूच शिकवलं ना ते?" एकदाच म्हणाल्या, पुन्हा कधी नाही. मी त्यांच्यावर रागावले नाही. ट्रक काही शब्द ऐकून येत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. मला खातं ते वेगळंच आहे. त्या सकाळी तुम्ही फाटकापाशी वळलात का? ओट्यावर मी नाही हे पाहून तसेच निघून गेलात? की रिकाम्या ओट्याकडे बघून ओठ हलवलेत?

बघणारा एकटा शिपाई होता. उंबऱ्याच्या आत बसून, तुम्हीच शिकवल्यासारखा. सात वर्षं मी त्याला भाकरी घातली आणि सात वर्षं त्याचा राग केला. ज्या पोराला तुम्ही बँडबाजाची सवय लावलीत, त्याला मी एकदाही फिरायला नेलं नाही. रस्त्यावर कोणाचीही स्कूटर वाजली की कान टवकारायचा, आणि मी ओरडून त्याला बसवायचे. तुम्ही हे पाहिलं असतंत तर माझ्याशी बोलला असतात का?

आणि मीही तेव्हापासून घरातून बाहेर पडताना काहीच बोलत नाही. "जाते" म्हणवत नाही. "येते" म्हणावं तर तो उठायचा. आई विचारायच्या, निघाली का, आणि मी चपला घालून मुकाट्यानं चालू लागायचे.

काल त्याचे डोळे मिटताना मी जवळ होते. त्या डोळ्यांनी त्या सकाळी जे पाहिलं असेल ते मला आता कधीच कळायचं नाही. खरं तर आधीही कळणार नव्हतं. पण त्याच्याकडे बघून वाटायचं, अजून कोणालातरी माहीत आहे.

एक वचन देते. उद्या भाजीला निघताना आईंना सांगून निघेन. सात वर्षं त्यांना मी न सांगता टाकून जात आले, ते बंद करीन. स्वतःला माफ करीन, असलं काही मात्र माझ्याकडून मागू नका. ते होणार नाही.

दारात उभी राहून "येते" म्हणेन. हवं तेवढ्या मोठ्यानं म्हटलं तरी चालेल, आता मागे उठून येणारं कोणी नाही.

तुमची,
सुमन