ओरेन लोकांच्या घरांना दारं नाहीत

२ एप्रिल
आज परत ग्रुपवर भांडण. विषय तोच. सॉल्टमिअर गेममधल्या तळ्याखाली ओरेन लोकांचं शहर आहे, ते लोक गेले कुठे? कोण म्हणतं देवाचा कोप, कोण म्हणतं साथ. एकजण तर त्यांना ताऱ्यांवर पाठवून मोकळा झालाय.

मी दोन वर्षांपूर्वीच लिहिलंय. त्या घरांतून नीट पोहून बघा. एकाही घराला दार नाही, चौकट नाही. वासे नाहीत, कौलं नाहीत. भिंती शाबूत. देव कोपला तर चौकट उचकटून कोण नेतं? ही माणसं मेली नाहीत. पाणी येणार हे त्यांना सांगितलं होतं, आणि जाताना उचलता येईल ते ती घेऊन गेली.

त्यावर आज एक नवा मेंबर: "ओरेन काय सुतार होते काय?" खाली दात काढणारी तोंडं.

सुतार नव्हते. आमच्या आप्पांसारखे होते. सुप्याचं धरण भरलं तेव्हा आप्पा विशीतले. घराची चौकट काढली, वासे काढले, लॉरीत घालून रामनगरला आणले. मी रोज त्याच चौकटीतून दुकानाला जाते. पण हे ग्रुपवर कधी लिहिलं नाही. एकट्या निनादला सांगितलंय.

५ एप्रिल
निनादचा नवा व्हिडिओ. "ओरेन लोकांचं रहस्य अखेर उलगडलं."

माझंच सगळं. दारं, वासे, कौलं. क्रमसुद्धा माझाच. "एकदा मी त्या घरांतून पोहत होतो आणि अचानक माझ्या लक्षात आलं..." तुझ्या लक्षात आलं? मी तुला तासभर फोनवर समजावून सांगितलं. आप्पा गाव सोडलेल्या दिवसाबद्दल बोलले होते ते रेकॉर्डिंग पाठवलं, कारण तू म्हणालास, खरं माणूस कसं बोलतं ते ऐकायचंय. चार वर्षांची ओळख. पुण्यात मोठं चॅनेल असलेला माणूस रामनगरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीशी बरोबरीनं बोलतो याचं मला काय कौतुक होतं.

नाव नाही. कुठंच नाही. शेवटपर्यंत दोनदा बघितला.

६ एप्रिल, रवि.
निनादला लिहिलं. उत्तर आलं: थिअरी कम्युनिटीची असते वैजू, कुणा एकाची नसते.

माझी जुनी पोस्ट शोधायला गेले, दाखवावी म्हणून. नाही. पोस्टच नाही. ग्रुपचा ॲडमिन तोच. विचारलं तर म्हणे, एकाच विषयाच्या दोन पोस्ट नकोत म्हणून जुनी काढली.

जुनी काढली!

कराडची शर्वरी, ग्रुपमधली माझी एकुलती एक मैत्रीण, तिच्याकडे फोटो निघाला त्या पोस्टचा. तिनं ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तोही गायब.

७ एप्रिल
दुकानात एका बाईंच्या उत्पन्न दाखल्याच्या फॉर्मवर नवऱ्याच्या रकान्यात मुलाचं नाव घातलं. परत केलं, परत चुकलं. मालक म्हणाले, पाणी पिऊन ये. त्यांनाही फाडकन बोलले. त्या बाईंना दिग्गीची बस गाठायची होती, बिचाऱ्या घड्याळाकडं बघत होत्या. त्यांचा काय दोष?

११ एप्रिल
निनादचा फोन. एकदम गोड. तो आणि एक कॅमेरावाला मित्र गोव्याला चाललेत, वाटेत सुपा बघायचंय. "पाणी उतरलंय ना आता? जुनं गाव दिसतं म्हणालीस. एकत्र व्हिडिओ करू. तुझं नाव टाकतो."

नाही म्हणणार होते. पण आप्पा बाजूला शेंगा सोलत होते, त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, येऊ दे की. एवढी वर्सं झाली, आमचं गाव बघाय कोन आलंया?

आई गेल्यापासून कशासाठीही एवढं उठून बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. हो म्हटलं.

१३ एप्रिल, रवि.
दात ओठ खाऊन लिहितेय.

सकाळी निघालो. जोयड्याच्या पुढं गाडी सोडून उतरलो. धरणाच्या भिंतीकडं जाता येत नाही, पण मागच्या अंगाला पाणी हटलं की गाळातून वाट निघते. आप्पांचे गुडघे दुखतात, तरी सगळ्यांच्या पुढं. धोतर सोडून ठेवणीतली पँट घातलेली. चौथरे दिसायला लागले तसे ते बोलायला लागले. ही पाटलांची पडवी. ही गणूची. हितं आमची न्हानी, हितं म्हस बांधायचो. एका चौथऱ्यावर चढले, चप्पल काढून. मला वर बोलावलं. आमचं घर. मी पहिल्यांदाच उभी राहिले त्यात.

तोवर निनाद तिकडं कॅमेऱ्यापुढं. म्हणत होता, "ही आहे भारतातली खरी ओरेन नगरी. एक हरवलेली संस्कृती. इथली माणसं कुठे गेली, आज कुणालाच माहीत नाही."

आप्पा तीन पावलांवर. ऐकून वळले. अगदी साधेपणानं म्हणाले, "म्या हितंच हाय की."

कॅमेरावाला म्हणाला, काका, जरा फ्रेमच्या बाहेर.

आणि आप्पा सरकले. सरकले! "व्हय व्हय" म्हणत, चप्पल हातात घेऊन. मी काय केलं? काही नाही. परत येताना निनादनं चहा पाजला तो पण प्याले.

१४ एप्रिल
काल त्याला तिथेच गाळात ढकलायला हवा होता.

२४ एप्रिल
व्हिडिओ आला. नाव: "शेवटच्या ओरेनचा आवाज."

दुकानात हेडफोन लावून बघितला. आमचा चौथरा, वर धूर सोडल्यासारखं काहीतरी केलेलं. गेममधलं संगीत. आणि त्यावर आप्पा. मी पाठवलेलं रेकॉर्डिंग. संथ केलेलं, विहिरीतून बोलल्यासारखं घुमवलेलं. "दिवा लावला आनी भाईर पडलो" हे एकच वाक्य चार वेळा. त्या दिवशी आजीनं रिकाम्या घरात दिवा लावला होता, हे सांगताना आप्पा मधेच थांबले होते, मग खोकले होते. तो खोकलापण ठेवलाय. भुताचा वाटतो.

माझं नाव शेवटी आहे. "विशेष आभार." म्हणजे आता मीसुद्धा यात सामील.

२५ एप्रिल
आप्पांना दाखवायचा नव्हता. शेजारच्या रेश्मानं दाखवला, बारावीला आहे, तिला वाटलं काका टीव्हीवर आल्यासारखं झालं. मी घरी आले तेव्हा दोघं ओसरीवर मोबाईल धरून बसलेली. आप्पांनी मला विचारलं, "वैजू, माजा आवाज असा हाय?"

नाही म्हटलं. बिघडवलाय तुमचा.

"कशाला?"

निनादला फोन लावला. तो म्हणे आवाजामुळेच व्हिडिओ चाललाय, लोक अंगावर काटा आला म्हणतायत, आणि रेकॉर्डिंग तूच पाठवलंस. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, शांत हो, मग बोलू. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. रेश्मा घरी पळाली.

२७ एप्रिल, रवि.
शर्वरीनं फॉर्म शोधून दिला. परवानगी न घेता आवाज वापरल्याची तक्रार. दिवसभर लोकांचे फॉर्म भरते, हा एक माझा. आधारची प्रत, मूळ रेकॉर्डिंग, तारीख, सगळं जोडलं. आप्पांची सही हवी होती. काय हाय हे, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, तुमच्या आवाजाचं आहे, सही करा. केली. आणखी काही सांगणार होते बहुतेक. मी म्हटलं, आप्पा नंतर, आधी हे जाऊ दे.

हे चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. आमटी दोनदा करपली. ग्रुप सोडला.

३० एप्रिल
गेला! व्हिडिओ गेला. काळा चौकोन, त्यात "हा व्हिडिओ उपलब्ध नाही." शर्वरीला फोन केला, दोघी हसलो. मालकांना चहा पाजला, त्या दिवशीबद्दल माफी मागितली. संध्याकाळी घरी जाऊन आप्पांना सांगितलं, काढायला लावला मी त्याला.

आप्पांचा चेहरा उतरला.

म्हणाले, "मग गणूच्या लेकीचं काय झालं?"

१ मे
काल पुढचं लिहिता आलं नाही. आता लिहिते.

व्हिडिओखाली लोकांच्या प्रतिक्रिया होत्या. मी एकही वाचली नव्हती, रागानं. रेश्मा मात्र रोज आप्पांना वाचून दाखवत होती. बहुतेक सगळी गेमवाली पोरं. पण त्यात एका बाईनं लिहिलं होतं: हा आवाज माझ्या वडिलांनी ओळखला, आमचं घर त्यांच्या बाजूलाच होतं, वडील गणू, हे काका आता कुठे असतात, कुणी सांगेल का?

गणू म्हणजे आप्पांचा जोडीदार. चौथऱ्यावर आप्पांनी बोट दाखवलेलं ते दुसरं घर. धरणानंतर आम्ही रामनगरला, तो गोव्यात खाणीवर कामाला गेला, मग पत्ता नाही. एवढं संथ करून, घुमवून, भूत करूनसुद्धा गणूनं आवाज ओळखला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं.

"मला का नाही सांगितलं?" विचारलं. जरा मोठ्यानंच.

"तू रागात व्हतीस. उद्या सांगू म्हनलं."

आणि सही? सही का केलीत मग?

"तू म्हनलीस आवाजाचं हाय. मला वाटलं गणूला कळवाया लागतंय."

२ मे
रेश्माला सगळं विचारलं. बाईचं नाव आठवत नाही, पाळण्यातलं नाव असावं तसं काहीतरी, पुढं आकडे. फोटोच्या जागी फूल. उत्तर दिलं होतंस का? नाही म्हणे, काका म्हणाले वैजू लिहील.

वैजू लिहील!

गोव्यात गणू नावाचे किती असतील? आडनावानं शोधलं. खाणी बंद होऊन किती दिवस झाले. शर्वरी म्हणते व्हिडिओ गेला की खालचं सगळं जातं, पण चॅनेलवाल्याला प्रत्येक प्रतिक्रियेचा मेल येतो. मेल राहिला असेल.

म्हणजे निनादकडे.

४ मे, रवि.
तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी चार ओळी पाठवल्या. नमस्कार वगैरे घातला नाही. कृपया घातलं.

६ मे
उत्तर. मेल असू शकेल म्हणतो, "शोधावं लागेल." पण तक्रारीमुळे चॅनेलवर ठपका बसलाय, तो आधी निघायला हवा. मी तक्रार मागे घ्यायची, मग तो शोधणार. आणि आप्पा गणूला भेटणार असतील तर ती भेट त्याला शूट करायचीय. "हरवलेले दोन ओरेन पुन्हा भेटतात. वैजू, विचार कर, केवढी गोष्ट आहे ही."

मोबाईल चुलीत घालावासा वाटला.

आप्पांना सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं. यावेळी एक शब्द लपवला नाही. ऐकून म्हणाले, "येऊ दे की त्येला."

मी म्हटलं, आप्पा, तो तुम्हाला परत भूत करेल.

"करू दे. गणू वळखतोय न्हवं."

मग मी बोलले. की तुम्ही त्या दिवशी फ्रेमबाहेर सरकलात, तुमच्याच घरातून. धरणवाल्यांनी सरकवलं तेव्हा सरकलात, कालचं पोर सरका म्हणालं तेव्हापण सरकलात. बोलून गेले आणि जीभ तोडावीशी वाटली.

आप्पा एवढंच म्हणाले, "तू जन्माला न्हवतीस तवा." उठून परसात गेले.

७ मे
बोलणं नाही. भाकरी करून ठेवली, खाल्ली त्यांनी. ताट स्वतः घासलं.

८ मे
निनादला माझ्या अटी लिहिल्या. आधी त्या बाईचं नाव दे. मग तक्रार मागे. व्हिडिओ परत लावायचा असेल तर आवाज जसाच्या तसा, न घुमवता. पडद्यावर आप्पांचं पूर्ण नाव, गावाचं नाव. ओरेन हा शब्द त्यांच्याबद्दल एकदाही नाही. आणि भेट झाली तर कॅमेरा नाही.

वाचते तेव्हा बरोबर वाटतं. परत वाचते तेव्हा वाटतं, यातलं आप्पांनी काय मागितलंय? त्यांना एक फोन नंबर हवाय. बाकीचं सगळं माझं. गणू आप्पांपेक्षा दोन वर्षांनी मोठा.

दुसऱ्या खिडकीत तक्रारीचं पान उघडलंय. "मागे घ्या" वर बोट ठेवलं की झालं. अटी पाठवल्या नाहीत, तक्रारही मागे घेतलेली नाही.

आप्पा आत्ता दारातून विचारून गेले. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य.

"काय म्हनतोय त्यो?"

मी म्हटलं, रेंज नाही.