चौदा तारखेची ओहोटी

ता. ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं जाडजूड पाकीट परवा हाती आलं. इकडे मी, माझा डावा गुडघा आणि आमचं कार्यालय असे तिघंही आपापल्या जागी कुरकुरत सुखरूप आहोत. चिमीला नोकरी लागल्याचं वाचून फार बरं वाटलं. पोरगी मामावर गेली नाही, हे देवाचे उपकार.

तुझा सहलीचा बेत दोनदा वाचला. तीन दिवसांत अकरा ठिकाणी खायचं, म्हणजे ही सहल आहे की पंगत ते एकदा ठरव. धक्क्यावर तळलेली मासळी, लगेच पुढच्या टपरीत खेकडे, त्यावर शहाळं, मध्ये जुन्या गलबतांचं संग्रहालय, आणि संध्याकाळी मसाल्याच्या गल्लीतून चालत जाऊन अननसाच्या फोडी. माझं पोट कारकुनाचं, त्याला डब्याची सवय. तरी येतो. तिकिटं मी काढतो, खिडकी तुझी.

खाण्याच्या जागा तू कुठून उतरवल्यास ते मी ओळखलं. भाऊजींनी तिथून पाठवलेल्या दोन पोस्टकार्डांवरून. क्रमसुद्धा तोच ठेवलास. अकरा वर्षं झाली ताई. बंदरात उतरलेली जुनी शिलाई यंत्रं बघायला म्हणून गेलेला माणूस परत आला नाही, आणि तू आता त्याच्या जिभेमागून निघाली आहेस. "मला सोडून त्याला जे शहर आवडलं ते एकदा डोळ्यांनी बघायचंय," असं तू लिहिलंस. बघ. पण प्रत्येक टेबलावर त्यांचा चेहरा शोधत बसलीस तर खाल्लेलं अंगी लागायचं नाही.

आता दोन गोष्टी. एक, बारा ते पंधरा मार्चऐवजी पुढचा आठवडा घेऊ. त्या तारखांना तिथे गर्दी असते, ऊन असतं, आणि मला रजा मिळेल असं वाटत नाही. दुसरी, चौदाला सकाळी दीपगृह ठेवलं आहेस ते काढून टाक. बघण्यासारखं काय आहे तिथे? एक मनोरा, चार शेळ्या. बेटापर्यंत जाणारी ती खडकांची वाट ओहोटीच्या आधी दोन तास उघडी पडते आणि नंतर दोन तासांनी बुडते. तुझ्या चपला आणि माझा गुडघा, कुणालाच ते झेपणार नाही.

चौदाची ओहोटी किती वाजता, असं तू विचारलंस. समुद्रापासून दोन दिवसांच्या अंतरावर पंख्याखाली बसून मी एकवीस वर्षं त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळांचं पुस्तक छापतोय आणि अजून समुद्र पाहिलेला नाही, यावर तू नेहमी हसतेस. हस. पण यंदाचं ते पान अजून छापून आलेलं नाही, त्यामुळे सांगता येत नाही.

एका गोष्टीला कुणी तीन कारणं दिली की त्यातलं एकही खरं नसतं, असं तू मला लहानपणी म्हणायचीस. का कोण जाणे, आत्ता आठवलं.

चिमीला आशीर्वाद.

तुझा
बारक्या

ता. क. चौदा सोडून कुठलीही तारीख चालेल.


ता. २२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी. "तारीख बदलणार नाही. पोस्टकार्डावर चौदालाच दीपगृह आहे. तुझं पुस्तक डिसेंबरात छापून येतं हे मला माहीत आहे. तू कशाला घाबरतोयस?"

पान छापून आलं नाही ही थाप होती. अकरा वर्षांत मी तुला मारलेली ही सगळ्यात लहान थाप. हे पत्र कार्यालयातल्या माझ्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डबा उघडलेला नाही.

भाऊजींच्या दुसऱ्या पोस्टकार्डावरची शेवटची ओळ तुला पाठ आहे. "उद्या सकाळी दीपगृह. बारक्याचं पुस्तक खिशात आहे." त्या ओळीवरूनच तू निकाल लावलास. ते गेले तेव्हा पोलिस म्हणाले, वाटेवर पाण्यात सापडले असतील. तू म्हणालीस, शक्य नाही, माझ्या भावाचं पुस्तक खिशात होतं आणि नवरा मिनिटामिनिटाला घड्याळ बघणारा माणूस होता. बेटाच्या पलीकडून परगावच्या बोटी सुटतात, हे कुणीतरी सांगितलं. झालं. नवरा बोटीत बसून निघून गेला, असं तू धरून चाललीस. भिंतीवरचा फोटो काढलास. चिमीला सांगितलंस की तुझ्या बापाला आपण नको होतो. मी तिथेच खुर्चीत बसलो होतो आणि मी चहा प्यायलो.

आमच्याकडे आकडे दोघांनी तपासायची रीत आहे. एकाने मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने छापील पानावर पट्टी सरकवत ऐकायचे. त्या वर्षीच्या पुस्तकाचं मार्चचं पान आलं तेव्हा माझ्या जोडीच्या बाई रजेवर होत्या, आणि तुझ्याकडे चिमीचा वाढदिवस होता. लवकर सुटायचं म्हणून मीच म्हटलं आणि मीच ऐकलं. पट्टी दोन ओळी खाली घसरली. सोळा तारखेची ओहोटी चौदाच्या पुढे बसली. खरी सात चाळीसची, पुस्तकात नऊ वीसची. म्हणजे वाट नऊ चाळीसला बुडणार होती, आणि पुस्तक सांगत होतं अकरा वीस.

चूक मला फेब्रुवारीतच दिसली. शुद्धिपत्र काढायला एक दिवस पुरला असता. पण साहेबांनी भिंतीवर पाटी लावली होती, 'सलग सहा वर्षं एकही शुद्धिपत्र नाही', आणि सातव्या वर्षी ती माझ्यामुळे उतरली असती. तिथले लोक पुस्तक बघत नाहीत, पाणी बघतात. एका सकाळसाठी कोण मरायला जातंय दीपगृहावर, असं मी मनाशी म्हणालो. याच शब्दांत म्हणालो.

आणि मार्चमध्ये भाऊजींनी पुस्तक मागितलं. तुझ्या दारात ते बुटांच्या नाड्या बांधत होते, मी पुस्तक घेऊन उभा होतो. सांगणारच होतो. चौदाच्या ओळीवर पेनाने एक रेघ मारायची, एवढंच काम. तेवढ्यात तू आतून म्हणालीस, "घेऊन जा बिनधास्त. बारक्याच्या हातून चूक व्हायची नाही." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, डोळे झाकून विश्वास ठेवा. दीपगृहावर जातील की नाही कुणास ठाऊक, असं मनाला समजावत मी जिना उतरलो.

आता यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला वेड लागल्यासारखं वाटेल, तरी वाच.

त्या बंदरात, खडकांच्या वाटेच्या तोंडाशीच, एक मापघर आहे. आत एक यंत्र पाण्याची उंची कागदाच्या गुंडाळीवर पेनाने रेघेत उतरवत असतं. ते सांभाळणारे काका दर महिन्याला गुंडाळी आमच्याकडे पाठवतात आणि ती मी तपासतो. पुढच्या वर्षीचा मार्च आला. चौदा तारखेला सकाळी रेघ खाली गेली आणि खालीच राहिली, अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत. मग एकदम वर चढली. चंद्राचं गणित त्या दिवशी वेगळंच होतं. यंत्र अडकलं असेल म्हणून मी काकांना लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, "यंत्र तपासलं. ठीक आहे. पाणीच थांबलं होतं."

त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही. चंद्र कुठेही असो, चौदा मार्चला ते पाणी माझ्या चुकीप्रमाणे वागतं. मी दरवर्षी खोडरबर घेऊन बसतो, ती रेघ पुसतो आणि हिशेबात बसेल अशी दुसरी काढतो. असलं काम मी किती सफाईने करतो ते बघून माझी मलाच किळस येते.

चौथ्या वर्षापासून त्या थांबलेल्या रेघेत बारीक कंप दिसायला लागले. काकांनी सांगितलं, वाटेवरून कुणी आलं की खडकांचा हादरा पेनापर्यंत पोचतो. मी भिंग लावून मोजले. सात होते, पुसट, सारख्या अंतरावर. माणूस घाई न करता चालतो तसे. पुढच्या वर्षी वीस. मग चाळीस, आणि आधीपेक्षा ठळक. बेटाकडून शहराकडे कुणीतरी येतंय, पण वर्षातून एकदाच, आणि अकरा वीसला जिथे असेल तिथे त्याचं चालणं संपतं. पुढच्या वर्षी तिथून पुढे.

गेल्या वर्षीचे कंप इतके मोठे होते की शाई उडाली होती. गुंडाळीच्या कडेला काकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "साहेब, बाहेरून एका माणसाने विचारलं, अकरा वीसला किती कमी? आवाज थकलेला होता. घड्याळ बघितलं तर मिनिटसुद्धा उरलं नव्हतं. दार उघडलं, तर वाट पाण्याखाली. मी आता म्हातारा झालो, पुढच्या वर्षी त्या दिवशी इथे एकट्याने बसवणार नाही."

ती ओळसुद्धा मी पुसली. ताई, मला फार भीती वाटते. पाण्याची नाही, पावलांचीही नाही. ते दारापर्यंत आले आणि त्यांनी अजूनही वेळच विचारली, पुस्तकावरचा विश्वास अजून सुटलेला नाही, याची.

तारीख बदलू नकोस, म्हणून हे पत्र. दहाला सकाळी मी तुला स्टेशनवर भेटतो, म्हणजे बाराला तिथे पोचू. मला बघून तू तोंड फिरवलंस तरी चालेल, मी मागच्या डब्यात बसेन. अकरा ठिकाणी जेवायचं की नाही, माझ्याबरोबर जेवायचं की नाही, ते तू बघ. मापघरातल्या काकांना मी लिहिलं आहे की यंदा तुम्ही एकटे नसाल. शुद्धिपत्र लिहून तयार आहे, एक प्रत सोबत जोडली आहे. दुसरी साहेबांना द्यायची, ती चौदा तारीख होईपर्यंत माझ्या खिशात राहील. चूक दुरुस्त झाली तर पाणी थांबायचं बंद होईल, असं मला वाटतं. एवढी एक सकाळ ते थांबायला हवं. पंधराला ती प्रत पोस्टात पडेल आणि पाटी उतरेल.

चौदाला साडेदहाला मापघरात आत बस. मी बाहेर वाटेच्या तोंडाशी उभा राहतो. ते आलेच तर आधी त्यांना मी दिसायला हवा. आणि बाहेरून कुणी वेळ विचारली, तर या खेपेला उत्तर तू दे. आवाज तुझ्या ओळखीचा आहे. घड्याळ बघू नकोस, किती मिनिटं उरली ते सांगू नकोस. दार उघड आणि नुसतं म्हण, या.

चिमीला हे पत्र वाचायला दे. फोटो परत लाव.

ते तुला सोडून गेले नव्हते, ताई. ते घरी यायला निघाले होते, माझ्या पुस्तकाप्रमाणे अगदी वेळेवर.

बारक्या