करुणाला फुलं दाखवायची आहेत

१५ जून
व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं बुकिंग झालं. दोघांचं. करुणा दिवाळीपासून सिल्लोडला बहिणीकडं राहते, म्हणून लोक काहीबाही बोलतात. बायको रुसली आहे, एवढंच. लग्नापासून तिला हिमालयातली ती फुलांची दरी बघायची होती. माझ्यामुळं राहिलं म्हणते. खरं तर ऑफिसमुळं राहिलं.

१८ जून, सकाळ
उद्यापासून हर्सूल तलावावर रोज चालणार. दरीकडं चढण मोठी आहे. करुणा दमली तर तिची सॅक मलाच घ्यावी लागेल.

२७ जून
चालणं सुरू केलं नाही. गुडघे ट्रेकसाठी राखून ठेवलेले बरे. बूट मात्र घातले, टीव्ही बघताना. लई छान बसतात.

६ जुलै
मेव्हणा आकाश येऊन गेला. म्हणाला, दाजी, ताई येणार नाय, तिचं तिकीट रद्द करा. चहासुद्धा घेतला नाही. मी शांतपणे विचार केला. यायचंच नसतं तर तिनं भावाला एवढ्या लांब कशाला पाठवलं असतं? तिकीट रद्द करत नाही.

२० जुलै, गाडीत
करुणा स्टेशनवर आली नाही. सिल्लोड रोडला ट्रॅफिक लागलं असणार. तिच्या बर्थवर तिच्यासाठी घेतलेला रेनकोट पसरून ठेवलाय. टीसीनं विचारलं, मॅडम कुठंयत? म्हटलं, येतायत.

२४ जुलै, घांगरिया
खेचरावर बसून दरीखालच्या या गावापर्यंत वर आलो. दम खेचराला लागला. मला फक्त चक्कर.

२५ जुलै, संध्याकाळ
दरी बघितली. म्हणजे सुरुवातीची. चहूकडं डोंगर, मधे खोलगट रान, कमरेएवढ्या गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेलं. दगडावर बिनशेपटीचा उंदीर, तोंडात गवताची काडी धरून. वर अस्वलही दिसलं. गाईड म्हणाला, तो दगड आहे. हसू आलं आणि सांगायला शेजारी वळलो. मग पुढं जावंसं वाटेना.

खाली येऊन करुणाला फोन केला. उचलला. मी सगळी फुलं सांगत सुटलो. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हटलं, निळी तेवढी नाही दिसली.

"निळी ओढ्याच्या पलीकडं असतात," ती म्हणाली. "तुम्ही अलीकडूनच फिरलात."

तुला काय माहीत, विचारलं. मागच्या पावसाळ्यात ती शिकवते त्या शाळेतल्या बाकीच्या मॅडमबरोबर इथं येऊन गेली होती. आठवडाभर घरी नव्हती तेव्हा. मला वाटलं, बहिणीकडं असेल.

"सांगितलं का नाहीस?"

"आल्यावर बसले होते तुमच्यासमोर. तुम्ही विचारलंच नाही, कुठं गेले होते." मग म्हणाली, वाट निसरडी असते, जपून उतरा.

२६ जुलै
ओढा ओलांडला. निळी फुलं आहेत. थोडीच, खडकाच्या आडोशाला, पावसानं माना खाली घातलेली. गाईडनं विचारलं, फोटो काढू का? नको म्हटलं.

तिनं बघितलीत.