वारा शून्य

२ मार्च २०२१, वाखनिंगन

आले एकदाची या डच गावात! संस्थेच्या आवारातच खोली मिळाली. खिडकीतून नदी दिसते, कुरण दिसतं, मेंढ्या दिसतात. यतीन आणि आमची लेक अपूर्वा आल्मेरेच्या घरीच. शनिवारी मी घरी. काम मजेचं आहे. साठ वर्षांपूर्वीचा कपाटाएवढा संगणक संग्रहालयासाठी चालू करायचा. अणुस्फोट झाला तर किरणोत्सारी धूळ कुठे पडेल, हे तो वाऱ्यावरून सांगायचा. सरावासाठी स्फोट याच इमारतीत झाला असं धरलेलं. छिद्रांच्या कागदी पट्टीवर वारा, म्हणजे त्याची दिशा आणि वेग, भरायचा, की लेखणी नकाशावर डाग काढते.

लॉकडाउनमुळे इमारतीत मी एकटीच. पूर्वी हे यंत्र चालवणारे निवृत्त फान डाइक फोनवरून शिकवतात. त्यांनी बजावलं, जुनेच वारे भरा, आजचा नको. कारण विचारलं तर म्हातारबुवांनी फोनच ठेवला.

४ मार्च

आजचाच वारा भरला. पुण्याच्या वेधशाळेत जन्म काढलेल्या बाईला वाऱ्याची भीती घालतात! डाग समोरच्या कुरणावर आला. यतीनला फोटो पाठवला. तो पॉझिटिव्ह निघालाय. म्हणाला, शनिवारी येऊ नकोस, आम्ही दोघं घरातच कोंडलेले.

५ मार्च

मेंढ्यांच्या पाठीवर राखाडी धूळ. संस्थेतलं किरणोत्सार मोजायचं यंत्र धरलं तर त्याची टकटक थांबेना. फान डाइक फोनवर रडले. म्हणाले, एकदा आजचा खरा वारा चाखला की ते यंत्र रोज आपणहून डाग काढतं, आणि तो डाग खरा होतो. शेवटी भरलेल्या पट्टीचं मात्र ऐकतं.

६ मार्च

प्लग उपटला. तरी लेखणी फिरली. डाग आल्मेरेवर. खाली उद्याची तारीख.

यतीनला म्हटलं, निघा. तो म्हणाला, पॉझिटिव्ह माणूस पोरीला घेऊन जाणार कुठे? तू जरा झोप. मागून अपूर्वा डचमध्ये विचारत होती, आई कधी येणार.

७ मार्च, सकाळ

आग्नेयेचा वारा सुटलाय. थेट आल्मेरेकडे. फान डाइक म्हणतात, पळा.

माझी पोर तिथे आणि मी पळू? हट्! वारा फिरवावा, तर डाग दुसऱ्या कुणाच्या लेकरावर. तेही नाही.

पट्टीवर वेग शून्य भरते. वाराच नसला, तर धूळ उठते तिथेच पडते. इथे.

दुपार

पट्टी आत गेली. झाडं थांबली. या देशात वारा कधी थांबत नाही — थांबला.

अपूर्वाचा फोटो आला. खिडकीत ऊन. हसतेय.

भीती वाटते. वाटू दे. लेखणी फिरतेय — डाग इमारतीवर — ये म्हणावं, इथेच बसलेय —

टेबलावर राखाडी — या पानावरही —

अपूर्वाला सांगा, आईनं वारा