सुमनबाईंचं शून्य

बुधवार, म्हसावद

...सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'नाही'वर बोट नेलं आणि थांबले. आरोग्याची माहिती नेटवर लिहून शोधता येते का? सुमनबाईंना लिहिता येत नाही. म्हणजे फॉर्मच्या हिशेबाने ऑनलाइन आरोग्य साक्षरता शून्य.

पण लेकीच्या सिकलसेलच्या गोळ्या थांबवा असं सांगणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ फोनवर आला, तेव्हा त्यांनी गावच्या नर्सला आवाजी निरोप पाठवला. आज मला ऐकवला. "हाई बाई कोन शे? गोया बंद करसू, मंग मन्ही पोरले दुखनं तं ती येई का?" गोळ्या बंद केल्यावर पोरीला दुखलं, तर व्हिडिओतली बाई येणार का? गोळ्या चालूच राहिल्या.

सर्वेक्षणाचे साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, विचारलंय तेवढंच भरा."

ती येई का? हे माझा फॉर्म का विचारत नाही?

शून्य भरणार नाही.

गुरुवार. सकाळी सुमनबाईंना विचारून तो निरोप साहेबांना पाठवला. त्यांनी ऐकल्याची खूण दिसली. मी तो रकाना रिकामाच ठेवून फॉर्म पाठवला.