टॅफीचा न कापलेला फोटो

टूवुंबा,
रविवार, १८ मे

लाडक्या टॅमसिन,

तुझं पत्र पोचलं आणि एल्सीने काढलेला घोडाही. त्याला पाय पाच आहेत, पण उभा मात्र डौलात आहे. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी अजून मैदानाच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन उकिडवी बसते. तुझे बाबा सुनावतात, "लोर्ना, वय काय तुझं! एखादा घोडा तुडवून जाईल, मग मला फोन करू नकोस."

एल्सी घोड्यावर बसायचा हट्ट धरते आणि तू नाही म्हणतेस. "आत्या, माझ्या एका टाचेने टॅफीसारखी घोडी हातची गेली, मी पोरीला काय शिकवणार?" असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

काल एका गावच्या घोड्यांच्या शोमध्ये फोटो काढत होते. ग्वेन नावाच्या बाईंना म्हाताऱ्या तांबड्या घोडीवर बसलेल्या नातीचा फोटो हवा होता. तुला माहीतच आहे, घोड्याचे कान पुढे आल्याशिवाय फोटो कोणी विकत घेत नाही. मी सवयीने खिशातून फडफडवायची प्लास्टिकची पिशवी काढली, तर बाई किंचाळल्याच. "अहो, पिशवी नको! एरवी गरीब गाय आहे ही, पण प्लास्टिक वाजलं की वेडी होते. कुठल्या मूर्खाने घाबरवलंय कोण जाणे!"

घोडीच्या खांद्यावर तुझ्या बाबांनी डागून उमटवलेली खूण होती. कसायाकडे गेली असं आपण धरून चाललो होतो, ती टॅफी जिवंत आहे. माझा हात तिने हुंगला आणि मान वळवली.

तो मूर्ख मी होते, टॅमसिन.

चौदा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मी फाटकाशी कॅमेरा घेऊन होते, तुझे बाबा फाटकाकडे पाठ करून उभे होते आणि तू टॅफीवर ताठ बसली होतीस. ऊन उतरत होतं. दाण्याचा डबा वाजवून झाला, शीळ घालून झाली, टॅफी ढिम्म. मी पिशवी फडफडवली आणि कान असे आले म्हणतेस! एक फोटो मिळाला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला आणखी एक हवा होता, म्हणून जोरात फडफडवली. ती मागच्या पायांवर उभी राहिली, तू पडलीस, आणि मी पिशवी खिशात कोंबली.

हात गळ्यात बांधलेला, तशीच तू रडत होतीस, "बाबा, माझीच टाच लागली, तिला विकू नका ना!" ते म्हणाले, "चूक कुणाची का असेना, हाडं मोडणारी घोडी मला दारात नको." टॅफी ट्रकमध्ये चढली तेव्हा मी शेजारीच उभी होते. घोडे बिथरवणारी फोटोवाली म्हणून नाव झालं की या भागात कोण बोलावतं? म्हणून गप्प बसले. तू मात्र बारा वर्षांची होतीस आणि तिच्यासाठी स्वतःवर आळ घेत होतीस. पुढे तुला तो खराच वाटायला लागला, आणि तेही मी होऊ दिलं.

त्याहून वाईट म्हणजे तोच पहिला फोटो मी मोठा करून स्टॉलवर टांगला. चौदा वर्षं लोक त्याच्याकडे पाहून मला काम देतात.

तो खालून कापलेला आहे. सोबत अख्खा पाठवते आहे. गवतावर माझी सावली आहे, वर केलेला हात आहे, हातात पिशवी आहे. आणि तुझी टाच बघ, घोडीच्या पोटापासून चांगली वीतभर लांब आहे; घोडी बिथरली तेव्हाही तशीच होती.

तुझ्या बाबांना मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे. ग्वेनबाईंचा नंबर फोटोच्या मागे आहे. तू कोण ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "येऊ दे की पोरीला, लेकीलाही आणू दे. पण लवकर म्हणावं, घोडी तेवीस वर्षांची आहे." तुम्ही जाल तेव्हा मी तिथे नसेन.

खाली 'आत्या' लिहायचं धाडस होत नाही.

लोर्ना